शितायेचा उतार

आमच्या सेग्नो गेबेया गावाच्या बस थांब्यावर शितायेचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार वासे, वर पत्रा आणि पुढे एक बाक. माझी जवाची दारू गाळायची खोली त्याला खेटून, मध्ये नुसता कुडाचा आडोसा. त्यामुळे तिचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं तिला. आम्ही सगळ्या तिला एतिये म्हणायचो, म्हणजे ताई. सख्खी ती गावात कुणाचीच नव्हती.

आमचं गाव डोंगराच्या कमरेवर आहे. वर देगा, थंड मुलूख. तिथली माणसं खेचरांवर जव, बाकल्याचे दाणे आणि मेंढ्यांची लोकर लादून सोमवारी खाली येतात. खाली कोल्ला, तापलेला मुलूख. तिथून ज्वारी, तीळ आणि मिरच्या ट्रकमधून वर चढतात. देगावाले आम्हाला म्हणतात, तुम्ही उन्हाने सैलावलेले. कोल्ल्यातले म्हणतात, तुम्ही थंडीने आखडलेले. शितायेला मात्र दोघांनीही एकच म्हटलं, ही आपली नव्हे.

ती मूळची वरची, तिकुर मेदाची. सकाळी गवतावर दहिवर गोठून पाय टाकला की करकर वाजतं, असलं गाव. लग्न होऊन ती गावातल्याच तादेगेच्या घरी आली तेव्हा सासऱ्याने धाकट्या मुलाला उतारावरचा एक तुकडा दिला होता. माती काळी, पण दगड इतके की नांगराचा फाळ दर हंगामात वाकायचा. शितायेने ते दगड वेचले. पाठीवर गोणपाट टाकून, एकेक वाहून, तिने उताराला बांध घातले. पोटात मूल असतानाही ती दगड वाहत होती, हे मला तिकुर मेदाच्याच एका बाईने सांगितलं. शिताये स्वतःबद्दल असलं काही बोलायची नाही. बांध झाले तशी माती थांबली. जव कंबरेएवढा यायला लागला. मुलगी झाली, तिचं नाव अगेरे ठेवलं.

थोरला दीर चेकोल. तो शेतकरी संघाचा अध्यक्ष होता. त्या काळी अध्यक्ष म्हणजे गावातलं सरकारच. कुणाला बैल मिळणार, कुणाला धान्य मिळणार, कुणाचा पोरगा लष्करात जाणार, हे सगळं तो ठरवायचा. धाकट्या भावावर त्याचा जीव होता असं लोक म्हणायचे. त्याच्या शेताचा बांध शितायेच्या शेताला लागून होता, आणि त्याच्या बाजूला दगड तसेच पडून होते.

मग दुष्काळ आला. वर्षातला छोटा पाऊस हुकला, मोठाही हुकला. मेंढ्या मेल्या, मग लोक मरायला लागले. सरकारने ठरवलं की वरच्या लोकांना खाली पश्चिमेला कोल्ल्यात नेऊन वसवायचं. तिथे म्हणे पडीक जमीन अमाप, पाऊस हुकत नाही, ट्रॅक्टर देणार, बैल देणार. गावागावातून घरं काढायची होती. तिकुर मेदातली कोणती घरं जाणार ते चेकोलने सांगायचं होतं.

शिताये अंगणात जव भाजत बसली होती. बंदूकवाले दोन जण आले, मागे चेकोल. तो हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "हे घर."

"भावजी, काय म्हणताय तुम्ही?" शितायेने विचारलं.

"आवरायला घे. ट्रक खाली उभा आहे."

"आमच्या कोठीत अजून दाणा आहे. आम्ही कुणाकडे मागायला आलोय का?"

चेकोल तिच्याकडे न बघता म्हणाला, "आहे तो बरोबर घे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तादेगे गोठ्याच्या दारात उभा होता. त्याने काही न बोलता आत जाऊन घोंगडी गुंडाळली. तिला वाटलं, बंदुकीपुढे माणूस काय बोलणार.

ट्रकमध्ये बसून ती डोंगर उतरत गेली. कानात दडे बसले, अगेरे रडायला लागली. एकेक वळण उतरेल तसं लोक अंगावरचं काढत गेले, आधी घोंगड्या, मग वरची वस्त्रं. देगात आयाबाया पोरांना दटावायच्या, "उगीच हिंडू नकोस, कोल्ल्यात नेऊन सोडीन." तिकडे बागुलबुवा नसतो, कोल्ला असतो. आणि हे लोक पोरंबाळं घेऊन तिथेच निघाले होते. शिताये वाटेभर चेकोलला शिव्या घालत होती. तळतळाट दिले, त्याच्या वंशाला दिले, त्याच्या बैलांना दिले. ट्रकमधल्या बायका तिला साथ देत होत्या. तादेगे मुलीला मांडीवर घेऊन बाहेर बघत बसला होता.

तिथे रांगेत झोपड्या होत्या, सरळ, आखून दिल्यासारख्या. झाडी उंच आणि दाट. तिथल्या मूळच्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या शिकारीच्या रानात ही वसाहत घातली होती, ते लांबून उभे राहून बघायचे. जमीन खरंच अमाप होती. पाऊस खरंच हुकत नव्हता. पण बैल आले ते माशी चावून एकेक करून बसले ते उठलेच नाहीत. आणि डास. डास म्हणजे काय हे तिकुर मेदाच्या लोकांना ठाऊकच नव्हतं. शिताये मला म्हणाली होती, "पहिल्या दिवशी आम्ही हसलो गं त्यांना. केवढीशी माशी, आणि गाणं म्हणते."

पहिल्याच पावसात अगेरेला ताप भरला. वरच्या माणसाच्या रक्ताला त्या तापाची ओळख नसते. शितायेने तिला ओल्या फडक्यात गुंडाळलं, दवाखान्याच्या तंबूपाशी रांगेत बसली. रांग पुढे सरकली तेव्हा नर्सने पोरीच्या डोळ्यांवर हात फिरवला आणि पुढच्या बाईला हाक मारली. तिथे देऊळ नव्हतं, पाद्री नव्हता. बांबूच्या बेटामागे खड्डे खणून ठेवलेलेच असायचे.

तादेगे त्यानंतर फारसा बोलला नाही. ज्वारी कापायला जायचा, यायचा, भिंतीला टेकून बसायचा. शिताये चेकोलचं नाव काढून बोटं मोडायला लागली की तो उठून बाहेर जायचा. भावाबद्दल एक वाकडा शब्द त्याने तोंडातून काढला नाही. तिला ते त्याचं मोठं मन वाटायचं. पुढे त्यालाही ताप आला, लघवी काळी झाली, आणि तोही बांबूच्या बेटामागे गेला. शितायेलाही ताप येत होता. ती काही मेली नाही. का नाही मेली, याचं तिला पुढे बरीच वर्षं नवल वाटायचं.

सरकार उलटलं तेव्हा वसाहतीतले पहारेकरी एका सकाळी दिसेनासे झाले. लोक उठले आणि चालायला लागले. शितायेही. कुठे ट्रक, कुठे पायी, वाटेत लोकांची भांडी घासून ती डोंगराच्या पायथ्याशी पोचली आणि वर चढली. अंगावर एक पातळ वस्त्र, कोल्ल्यात घालतात तसलं.

तिकुर मेदात तिला पाहून बायका रडल्या. छाती पिटून रडल्या, तादेगेसाठी, अगेरेसाठी. रडून झाल्यावर तिला वेगळ्या कपात पाणी दिलं. ताप उडून लागतो अशी भीती. "पोरांना जवळ घेऊ नकोस हं शिताये," एकीने अगदी मायेनं सांगितलं.

तिचं घर पडलं होतं. शेत पडलं नव्हतं. चेकोलने मधला बांध काढून दोन्ही तुकडे एक केले होते, आणि तिने घातलेल्या बांधांवर त्याचा जव उभा होता. अध्यक्षपद गेलं होतं त्याचं, पण गावात वजन होतं. ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चेकोल, माझं शेत दे."

आजवर तिने त्याला अरेतुरे केलं नव्हतं. त्याच्या बायकोने तोंडावर पदर घेतला.

"जमीन नांगरेल त्याची, शिताये. कायदा आहे."

"मला ट्रकात घालून तू नांगरलीस."

"बस. जेव आधी."

ती जेवली नाही. गावातले वडीलधारे झाडाखाली बसले. बोलून बोलून त्यांनी ठरवलं की विधवा बाई एकटी काय नांगरणार, तर चेकोलने तिला गोठ्याच्या कडेला एक खोपटं द्यावं आणि एक मेंढी द्यावी. चेकोलने दोन्ही दिलं. निवाडा मानला म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं.

पण अंग आता देगाचं राहिलं नव्हतं. ज्या थंडीत ती अनवाणी दगड वाहायची ती थंडी तिला सोसेना. थंडी पडली की ताप उलटायचा, रात्रभर खोकला. गोवऱ्यांच्या धुराने डोळे चुरचुरायचे. चढ चढताना धाप लागायची, तिकुर मेदात जन्मलेल्या बाईला. मेंढी विकून ती खाली आली, आमच्या गावात. आणखी खाली जायचं नव्हतं, वर राहवत नव्हतं. बस थांब्यावर आधी दुसऱ्याच्या दुकानात कप विसळले, मग स्वतःचा पत्रा टाकला.

चहा तिचा झकास असायचा. लवंग घालायची. तोंड मात्र कडू. देगाचा कुणी गारठलेला शेतकरी आला की म्हणायची, "या, गोठलात का? बाकावर बसा, वितळाल." कोल्ल्याचा ट्रकवाला नाक पुसायला लागला की, "काय रे, इथेच हुडहुडी? वर जाशील तर लाकडासारखा उतरवतील तुला." लोक हसायचे आणि चहा प्यायचे. तिच्याशी लग्न करायला एक विधुर शिक्षक तयार होता. तिने त्याला विचारलं, "गुरुजी, तुमची बदली वर होते की खाली?" तो म्हणाला, सांगता येत नाही. "मग राहू द्या," म्हणाली.

अशी खूप वर्षं गेली. एका दुपारी वरची बस आली आणि अबेराने, चेकोलच्या मुलाने, बापाला काखेत धरून उतरवलं. चेकोल म्हातारा झाला होता. ओठ निळे, पाय सुजलेले, चार पावलं टाकली की थांबायचा. अबेराने त्याला शितायेच्या बाकावर बसवलं. त्याला ठाऊक होतं दुकान कुणाचं आहे.

"काकी, डॉक्टर म्हणाले, वरची हवा यांना पुरत नाही. छाती थकली आहे. खाली ठेवा, नाहीतर आठवडाभरातच जातील."

"मग ठेवा की. डोंगर काय थोडा आहे?"

"इथे आमचं कोण आहे, काकी?"

शिताये चहाच्या किटलीवर झाकण ठेवत म्हणाली, "कोल्ल्यात ने. तिथे हवा जाड असते. तुझ्या चुलत्याला चांगली मानवली."

अबेरा मान खाली घालून उभा राहिला. चेकोल बाकाची कड धरून बसला होता. श्वासच त्याला पुरत नव्हता. बस निघायची वेळ झाली तसा अबेरा बापाच्या हातात जवाच्या पिठाची पिशवी देऊन बसमध्ये चढला आणि गेला. मी आडोशाच्या फटीतून बघत होते. शिताये बराच वेळ कप विसळत राहिली. सगळे स्वच्छ झाले तरी पुन्हा विसळत होती. मग आत जाऊन तिने मागच्या खोलीतली खाट दाराशी ओढली.

मी तिला म्हटलं, "एतिये, ठेवतेस याला?"

"बाकावर मेला तर गिऱ्हाईक बसेल का त्यावर?"

तो तिच्याकडे राहिला. खालच्या हवेने त्याच्या ओठांचा रंग थोडा बदलला. ती त्याला दोन वेळा इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेली भाकरी, आणि वाटाण्याच्या पिठाचं कालवण द्यायची, पाय चेपायची नाही, पण सुजेवर गरम पाण्याचं फडकं ठेवायची. त्याला पुन्हा 'तुम्ही' म्हणायला लागली होती, पण ते असं की त्यापेक्षा शिवी बरी. रोज सकाळी कॉफी भाजली, कुटली, पहिला काढा ओतला की त्याच्या हातात कप द्यायच्या आधी विचारायची, "भावजी, गावात एवढी घरं होती. आमचंच का?"

तो कपाकडे बघायचा. "आज ऊन आलंय का गं बाहेर?"

"आलंय. आमचंच का?"

मग ती कप द्यायची. हे रोजचं. आम्हा शेजारणींच्या अंगावर आधी काटा यायचा, मग सवय झाली. एकदा मी म्हटलं, "कशाला छळतेस मरत्या माणसाला?" ती म्हणाली, "छळ कुठे? कॉफी देते की."

मोठा पाऊस सुरू झाल्यावर त्याचं जास्त झालं. त्या सकाळी मीही कॉफीला बसले होते. पत्र्यावर पाऊस इतका की मोठ्याने बोलावं लागत होतं. शितायेने नेहमीचं विचारलं. चेकोलने कपासाठी हात पुढे केला नाही.

"मी नाही तुमचं घर दिलं," तो म्हणाला.

"हो ना. बंदूकवाल्यांनी स्वप्नात पाहिलं असेल."

"तादेगे आला होता माझ्याकडे. आदल्या दिवशी." मध्ये त्याने दम घेतला. "म्हणाला, दादा, आम्हाला पाठव. बैल देणार आहेत, पाऊस आहे तिथे. इथे मी दगडांत मरणार. म्हटलं, शितायेला विचारलंस? तर म्हणाला, ती त्या बांधांवरून हलायची नाही. तू सांगितलंस असं होऊ दे. तुझ्यावर घे."

शितायेच्या हातातला कप तसाच राहिला. बाहेर एक ट्रकवाला चहा मागत होता, कुणी उठलं नाही.

"खोटं," ती म्हणाली.

"मरताना खोटं बोलून मला काय मिळणार?"

"आणि शेत? तेही त्यानेच सांगितलं घ्यायला?"

"शेत मी घेतलं. ते माझं. त्याचा जाब मी देवाला देईन."

"मी परत आले तेव्हा दारात उभी होते तुमच्या. तेव्हा का नाही बोललात?"

चेकोल धापत होता. "तेव्हा बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, शेतासाठी मेलेल्या भावावर ढकलतोय. आणि..." तो थांबला. "आणि जव उभा होता, शिताये. छान आला होता त्या साली."

तिने कप त्याच्या खाटेच्या कडेला ठेवला आणि ट्रकवाल्याला चहा द्यायला बाहेर गेली.

त्यानंतर तिने त्याला काही विचारलं नाही. बोललीच नाही. जेवण द्यायची, फडकं ठेवायची, कॉफी द्यायची. तोच कधी म्हणायचा, "विचार की आज." ती किटलीखालची राख काढत असायची. पाऊस संपायच्या आत तो गेला, सकाळी, ती दूध आणायला गेली असताना. अबेरा खेचर आणि चार माणसं घेऊन आला, बापाला ताटीवर बांधून वर नेलं. जाताना म्हणाला, "काकी, चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला या. तुम्ही आला नाहीत तर लोक बोलतील."

ती गेली. मला बरोबर चल म्हणाली, म्हणून मीही गेले. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेलं तेवढंच. शेवटच्या चढावर ती दर वळणाला बसत होती. मीही बसत होते, म्हणून तिला लाज वाटली नाही.

तिकुर मेदात मांडव घातला होता. मेंढ्या कापल्या होत्या, दारूचे रांजण भरले होते. अबेराची बायको आम्हाला बसवून गेली आणि आत कुणाला तरी म्हणाली ते कुडातून ऐकू आलं, "ती कोल्ल्याची काकी आली आहे, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका."

शिताये उठून शेताकडे गेली. मी मागोमाग. शेत नव्हतंच तिथे. अबेराने सगळ्या उतारावर निलगिरी लावली होती. निलगिरीला नांगर लागत नाही, खत लागत नाही, वासे चांगले विकले जातात. झाडं आभाळाला लागली होती. खाली जमीन कोरडी, गवताचं पातं नाही. बांध अजून जागेवर होते, पालापाचोळ्याखाली. शितायेने एका बांधावरचा पाला पायाने सारला, दगडांवर हात ठेवून जरा टेकली.

अबेरा मागून आला. त्याला बहुतेक बापाने काही सांगितलं असावं, किंवा त्याचं त्यालाच वाटलं असेल. म्हणाला, "काकी, हा खालचा तुकडा तुम्ही घ्या. झाडं तोडून देतो. घर बांधून देतो. लोकांसमोर सांगतो आज."

"मुळं कोण काढणार?"

"अं?"

"निलगिरीची मुळं. ती निघत नाहीत, बाळा. जव आता इथे व्हायचा नाही." तिला धाप लागली होती, ती थांबली. "आणि झाला तरी मी इथे आठ दिवस टिकायची नाही. राहू दे. वासे विक तू."

मांडवात पाद्री मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत होता. शिताये त्याच्यापाशी जाऊन हळूच म्हणाली, "बाबा, तादेगेचं आणि अगेरेचंही नाव घ्याल का? त्यांचं कधी केलंच नाही."

"कोणत्या देवळाच्या आवारात पुरलंय त्यांना?"

"देऊळ नव्हतं तिथे."

पाद्री वाईट माणूस नव्हता. त्याने अबेराकडे पाहिलं, जेवण अबेराचं होतं. अबेराने होकाराची मान हलवली. पाद्रीने चेकोलचं नाव घेतलं, मग अगेरेचं घेतलं. तादेगेच्या नावाला येताना शितायेने त्याच्या बाहीला हात लावला.

"त्याचं नको," ती म्हणाली.

पाद्री गोंधळला. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी बाई म्हणाली, "अगं, नवरा तुझा."

शितायेने त्याची बाही सोडली. मग म्हणाली, "बरं, घ्या." आणि तो नाव घेत असताना ती मांडवाबाहेर पडली.

आम्ही दुपारच्याच बसने उतरलो. वाटेत मी तिला विचारलं, विचारायला नको होतं तरी, की चेकोलवर तुझा विश्वास बसला का.

"कधी बसतो, कधी उडतो," ती म्हणाली. "एवढी वर्षं एकाचा राग करत होते, सोपं होतं. आता सकाळी उठून आधी ठरवावं लागतं, आज कुणाचा."

बस वळणावर जोरात डावीकडे कलली, आम्ही एकमेकींवर आदळलो. कानातला दडा सुटला. शितायेने खांद्यावरचं जाड वस्त्र काढून मांडीवर घडी केली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, बस थांब्याच्या अलीकडे दूधवाल्यापाशी उतरव, दुकानातलं दूध संपलंय.